उरलेलं अक्षर

रुवीच्या बेकरीतल्या शाजीनं
कागदावरचं तुझं नाव चित्रासारखं बघून
केकवर उतरवलं होतं.
'त्ति'ची वेलांटी जरा जास्तच वळली.
म्हणाला, चेची, आता कशी गोल झाली, आमच्या अक्षरांसारखी!
मी म्हटलं, असू दे.
अकरावं संपून बारावं लागतंय,
वेलांटीसुद्धा वाढणारच थोडी.

मस्कतपासून पावणेदोन तास.
मागे तंबू, पाण्याचे कॅन, कैवल्यची उलटीची पिशवी,
माझ्या मांडीवर खोका
प्रत्येक वळणाला श्वास रोखून धरलेला.
तू खिडकीला नाक लावून:
डोंगर असे भाजल्यासारखे का?
समुद्र सारखा डावीकडेच का?
श्रीपाद म्हणाला, परत जाताना येईल की उजवीकडे.
परत म्हणजे कुठे?
म्हणजे... मस्कतला गं.
आणि त्यानं उगाचच आरसा नीट केला.

फिन्सच्या किनाऱ्यावर गोटेच गोटे.
खुंट्या शिरेनात, तंबूच्या कोपऱ्यांवर मग दगड ठेवले,
चूल नाही, पत्र्याचा आडोसा केलेला स्टोव्ह, पोहे,
पोह्यांत थोडी वाळू, ती कुणी बोललं नाही.
पाण्यात तुम्ही तिघं.
मी काठावर चपला मोजत बसलेले.
एक कैवल्यची गेलीच.

वळून बघते तर पाच शेळ्या आणि एक बोकड.
बोकडाच्या दाढीला क्रीम.
ओरडत धावलो चौघं,
तो मात्र सावकाश, पाहुण्यासारखा, तोंड पुसायला थांबल्यागत
निघून गेला.

खोक्यात शेवटचं अक्षर तेवढं उरलेलं.
का.
काना थोडा चाटलेला, बाकी शाबूत.

तू रडशील असं वाटलं मला.
श्रीपाद हसायला लागला, पोट धरून,
ऑफिसात ती यादी लागल्यापासून
पहिल्यांदा ऐकलं मी त्याचं हसू.
आणि तू, ओले केस, गुडघ्यावर बसून
त्या अक्षराकडे बघत म्हणालीस,
आपण मार्चमध्ये जाणार आहोत ना? कायमचे?

कुणी सांगितलं तुला?

तू पडद्यांचं कापड घेतलं नाहीस,
दुकानात हात लावून परत ठेवलंस.

लाटा येत होत्या तशाच.
कैवल्यला काही कळलं नव्हतं, तो चप्पल शोधत होता.

संध्याकाळी निरांजन लावलं, विझलं.
पुन्हा लावलं, पुन्हा विझलं.
श्रीपादनं वाऱ्याकडे पाठ करून दोन्ही हात धरले, तरी विझलं.
शेवटी आइसबॉक्स रिकामा केला,
त्याच्या तळाशी ज्योत उभी राहिली एकदाची.
पण तबक फिरवू कसं?
तर तूच फिरलीस त्याच्याभोवती, तीनदा,
चार नंबरच्या फेरीला ठेच लागून बसलीस.
कुंकू कपाळावर कमी, नाकावर जास्त.

अंधारात हमूद आला, गावातला, हातात सुरमई.
त्याचाच होता बोकड.
मोडक्या हिंदीत दहा वेळा माफी,
मग, बच्ची का नाम क्या?
श्रीपादनं बोट केलं समुद्राकडे,
नुकताच वर आलेला तो ताऱ्यांचा पुंजका,
धुतलेल्या तांदळाची ओंजळ सांडावी तसा.
हमूद बराच वेळ बघत राहिला.
थुरैया, म्हणाला. हम थुरैया बोलता.
माझ्या नावेचं नाव, बहिणीचंही.
तू ते हळूच जिभेवर घोळवलंस,
थु-रै-या,
नवीन शाळेच्या नावासारखं.

'का' तू खाल्ला नाहीस.
डब्यात ठेवलास, डबा उशाशी.
सकाळी मुंग्या.

निघताना समुद्र उजवीकडे आला.
वाटलं, आता विचारशील काहीतरी.
तू काच खाली केलीस, हात बाहेर काढलास,
वारा मुठीत धरून बघत राहिलीस,
आणि सूर-मस्कत रस्त्यावर तासभर
मागच्या सीटवरून फक्त
कैवल्यचं, एका चपलेचं, चालू होतं.